ऊष्म वर्णांची गळती

५ जानेवारी

आज सकाळी आमच्या जिन्यात एका निरपराध नामाचे भरदिवसा लिंगांतर झाले आणि त्याचे कोणालाही सोयरसुतक नाही. वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. चेहरा उजळलेला. म्हणाले, "आमच्याकडे ऊन आली हो! सगळ्यांना आवडली."

मी सौम्यपणे म्हटले, "ऊन आलं म्हणावं. आणि आलं ते बरंच झालं, गाद्या वाळतील."

शेजारी तडक वर निघून गेले.

घरी येऊन ही व्यथा बाईंना सांगितली. बाई म्हणजे माझी बायको. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे अख्खी वस्ती तिला बाई म्हणते, आणि वेगळे काही म्हणण्याचे धाडस मी केलेले नाही. बाई आधी पोट धरधरून हसल्या. मग मधेच हसायच्या थांबल्या.

"अहो, सून. त्यांच्या धाकट्याचं लग्न झालं ना परवा. सून आली म्हणत होते ते."

मग तसे म्हणावे! श, ष, स आणि ह या चौघांना व्याकरणात ऊष्म म्हणतात. तोंडातली वाफ खर्चल्याशिवाय ते उमटत नाहीत. हल्लीच्या माणसाला ती वाफ जड झाली आहे. आमच्या वर्तमानपत्राच्या संपादकांचेच बघा. मिशी राखल्यापासून त्यांच्या बोलण्यात एक 'स' म्हणून सापडत नाही, आणि फोनवर तर निव्वळ स्वरांचा रवंथ चालतो. यावर एक लेख लिहायला हवा.

९ जानेवारी

विद्यापीठाची जुनी इमारत पाहून आलो. डोक्यावर प्लास्टिकचे पिवळे टोपडे चढवून, कारण लेकीचा हुकूम. आमची लेक वास्तुविशारद आहे. या इमारतीचे नूतनीकरण तिच्या हाती आहे आणि मी शिक्षणक्षेत्राचा वार्ताहर, म्हणून त्या आवारात ती मला 'बाबा' न म्हणता "ओ पत्रकार, तारेवर पाय पडतोय" असे म्हणते.

मी संस्कृत शिकलो ते याच इमारतीत. आता इथे जैवअभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षण नांदणार. आमच्या विभागाची रवानगी सायकलींच्या शेडवरच्या दोन खोल्यांत झाली. तळमजल्यावर जिथे आम्ही धातूंना प्रत्यय लावायचो तिथे आता धातूला हाड लावणार आहेत; म्हणजे कृत्रिम सांधे बनवण्याची कार्यशाळा. त्या कार्यशाळेच्या तरुण प्रमुखाचे नाव मी 'यंत्रवैद्य' ठेवले. त्याला ते आवडले. बोलताना माणसे समोरच्याच्या डोळ्यांत बघतात, हा माझ्या कानांकडे बघत होता. श्रवणयंत्रे बनवतो म्हणे. धंद्याची सवय.

खरा जीव अडकला तो वरच्या सभागृहात. अर्धवर्तुळाकार बाके, पायरी-पायरीने चढत गेलेली, वर लाकडी छत. आमचे गुरुजी तिथे एक चरण म्हणत आणि तो छताला शिवून परत आमच्या डोक्यावर उतरत असे. लेकीने ते छत तसेच ठेवले आहे, पण त्याच्या मागे लोकरीचे जाड थर भरले आहेत.

"आवाज फार घुमायचा, बाबा. एक शब्द दुसऱ्याच्या अंगावर चढायचा. इथे पडद्यावर शस्त्रक्रिया चालू असणार, सर्जन तिकडून बोलणार. पोरांना अक्षर न् अक्षर कळायला नको?"

मी मधोमध उभा राहून टाळी वाजवली. सभागृहाने ती गिळली. ढेकरसुद्धा दिला नाही.

"बघ," मी म्हटले.

लेक म्हणाली, "काय बघू? छान वाजली की."

माया आंधळी असते हे ठाऊक होते. स्वतःच्या कामावरची माया बहिरीही असते, हे आज कळले.

१३ जानेवारी

लेकीने काम दिले. सभागृह ताब्यात देण्याआधी ऐकू येण्याची चाचणी घ्यायची आहे. फळ्यावर एकसारख्या शब्दांच्या जोड्या लिहायच्या, डावा शब्द पिवळा, उजवा निळा. मंचावरून जोडीतला एकच शब्द उच्चारायचा आणि ऐकणाऱ्यांनी त्या रंगाची पाटी वर करायची.

"जोड्या तुम्ही काढून द्या. शब्दांत तुमचा हात कोण धरणार?"

हे लोणी आहे हे कळूनही मी विरघळलो. ऊष्म वर्णांचा उच्छेद चालू आहे, तेव्हा त्यांचीच परीक्षा घेऊ असे ठरवले. साप–ताप. शीर–तीर. शूल–फूल. हाड–ताड. साल–ताल. उद्याचा डॉक्टर शेवटच्या बाकावर 'शीर' ऐवजी 'तीर' ऐकून बसला तर रोग्याने कोणाच्या नावाने शंख करायचा?

बाईंना जोड्या वाचून दाखवल्या. त्या डाळ निवडत होत्या. खाली मान घालून काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही," त्या मान वर करून म्हणाल्या. "चांगल्या आहेत."

१९ जानेवारी

चाचणी झाली. शब्द उच्चारायला बाई होत्या. चाळीस पोरांचा वर्ग ज्या आवाजाने गप्प बसायचा त्या आवाजाबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. मला मान म्हणून पहिल्या रांगेत बसवले. माझ्यामागे सगळी वैद्यकीय शाखेची मुले आणि काही सुतार.

लेक म्हणाली, "आई, तोंडासमोर पुठ्ठा धर. ओठ दिसता कामा नयेत."

तिथेच घोटाळा झाला. पुठ्ठा मधे आल्याबरोबर बाईंचा शब्द असा यायचा, जणू कोणीतरी त्याचे डोके उडवून फक्त धड पाठवले आहे. 'आप.' 'ईर.' 'ऊल.' एवढ्यावरून माणसाने ताप ओळखायचा की साप? मी अंदाजाने पाटी वर करत राहिलो. मागच्यांची काय दैना झाली असेल देव जाणे. मागे वळून बघायचे नाही असा नियम होता आणि तो मी पाळला. बाईंनी काही शब्द दोनदा म्हटले. दुसऱ्या वेळी पुठ्ठा जरा खाली घेतला, तर लेक ओरडली, "आई!"

संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुले घाईघाईने उठली. यंत्रवैद्य लेकीला बाजूला घेऊन काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवून नाही, नाही म्हणत होती. बिचारी. तिला धक्का बसणे साहजिक आहे.

घरी येताना मी विचारले, "निकाल काय?"

"पुन्हा घेऊ म्हणतेय," लेक म्हणाली, "बघू."

मी बाप आहे. पण आधी वार्ताहर आहे. की उलट? हा प्रश्न रिक्षात सुटला नाही.

२२ जानेवारी

लेख आला. मथळा माझाच: 'शीर म्हणावे आणि तीर ऐकावे'. लिहिताना लेकीचे नाव कुठेही घेतले नाही. पहिल्या बाकावर ही अवस्था, तर शेवटच्यावर काय, असा सवाल केला. एका जुन्या वास्तूचा कंठ लोकरीने आवळला आहे असेही एक वाक्य पडले. बरे पडले.

एकच गालबोट. सभागृहाच्या बाजूच्या खोलीत 'आठ खाटांचा सराव कक्ष' असे छापून आले. डीनांच्या कचेरीतून फोन, की साठ. मी संपादकांना म्हटले, त्यांच्या माणसाने मला स्पष्ट आठ सांगितले होते. संपादक मिशीतून बराच वेळ बोलले. मी 'हो, हो' म्हटले.

लेकीने लेख वाचला का ते कळले नाही. जेवताना ती आईशीच बोलत होती, हळू आवाजात. मायलेकींचे काही असेल म्हणून मी विचारले नाही.

२७ जानेवारी

लेखाने फारच काम केले. विद्यापीठाच्या मंडळाने छताचे काम थांबवले आहे. डीनांनी लेकीकडे चाचणीचा निकाल मागितला, तर ती म्हणाली, ती चाचणी मी धरत नाही, निकाल देणार नाही. मग मंडळाने ठरवले की आता त्यांच्या समोर दुसरी चाचणी होईल. तीत सभागृह नापास झाले तर छत उतरवायचे आणि उरलेले काम दुसऱ्या वास्तुविशारदाला द्यायचे. मुलांचे वर्ग तोवर व्हरांड्यात.

निकाल दडवते! माझी मुलगी! मनाला फार लागले. चूक होते माणसाकडून, पण ती झाकायची? मी तिला बोलावून समोर बसवले.

"निकाल का देत नाहीस?"

"नाही द्यायचा."

"म्हणजे त्यात काहीतरी आहे."

"आहे," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही एकदा त्या सरांना जाऊन भेटता का? कार्यशाळेतल्या?"

"त्याने काय होणार? यंत्रवैद्याने सभागृह बरे होते का?"

ती हसली नाही. एरवी हसते.

१ फेब्रुवारी

घरात सगळे गोड वागत आहेत. काहीतरी बिघडले आहे.

बाई दूरदर्शनचा आवाज वाढवून मग दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. शेजारी जिन्यात मला नुसता हात करतात, बोलत नाहीत. उन्हाचा राग अजून गेलेला दिसत नाही. लेक तर दोन दिवस आलीच नाही. कामावरून थेट तिच्या घरी जाते. मी खिडकीशी उभा राहतो, बसतो, पुन्हा उभा राहतो. लेखाची दुसरी बाजू लिहावी म्हणून कागद पुढे ओढला आणि 'तथापि' एवढेच लिहून ठेवले. इतका एकाकी 'तथापि' मी आजवर पाहिलेला नाही.

छत खरेच उतरवतील का? उतरवले तर दोष लेखाचा की लोकरीचा? मी लिहिले ते खरे होते. मी स्वतः ऐकले. किंवा, नीट बोलायचे तर, ऐकले नाही.

५ फेब्रुवारी

उद्या दुसरी चाचणी. लेकीचा फोन आला. फोनवर मला कंटाळा येतो म्हणून बाईंनी घेतला आणि मग मला निरोप दिला, "उद्या येऊ नका म्हणतेय."

"का?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून."

"सत्याचा त्रास मला होत नाही," मी म्हटले. वाक्य चांगले होते, पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. माझी वाक्ये सहसा इतकी परिणामकारक नसतात.

मी जाणार. आणि यावेळी शेवटच्या रांगेत बसणार. सभागृहाची खरी परीक्षा तिथेच होते. बाई म्हणाल्या, मग मीही तुमच्या शेजारी बसते.

६ फेब्रुवारी

झाले ते झाले त्या क्रमाने लिहितो. म्हणजे मलाही कळेल.

मंडळाची माणसे मधल्या रांगांत, पुढे मुले, सर्वांत वर आम्ही दोघे. यावेळी बोलायला यंत्रवैद्य. त्याच्या तोंडापुढे पुठ्ठा. लेक भिंतीला टेकून उभी, हात मागे बांधलेले. माझ्याच जोड्या फळ्यावर.

पहिला शब्द आला. 'आप.' मी निळी पाटी वर केली: ताप.

शेवटच्या रांगेचे एक असते, की सगळे खाली दिसते. माझ्यासमोर पायरी-पायरीने पिवळ्या पाट्या वर गेल्या. एकूण एक पिवळी. पोरांनी संगनमत केले असा पहिला विचार आला. लिहायला लाज वाटते, पण आला.

दुसरा शब्द. 'ईर.' मी पिवळी. सभागृह सारे निळे.

तिसऱ्याला मी आधी वर केलीच नाही. वाट बघितली. कोणालाही अंदाज करावा लागत नव्हता. शब्द सुटायचा आणि पाट्या वर जायच्या, वाऱ्याने शेत हलावे तशा, एकदम, एका बाजूला. त्या सभागृहात कुठेही काहीही अडत नव्हते. मला जे धड येत होते ते त्यांना डोक्यासकट मिळत होते.

मी बघून बघून त्यांच्याच रंगाची पाटी वर करू शकलो असतो. सोपे होते. पण सवयीने म्हणा, हट्टाने म्हणा, चौथ्या शब्दाला मी ऐकले तेच वर केले, चुकीचे, आणि शेजारी पाहिले. बाईंच्या हातात माझ्याच रंगाची पाटी होती.

पाचवा शब्द. मी बाईंकडे बघत राहिलो. त्या समोर बघत होत्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्या हाताकडे. माझा हात उठला, मग त्यांचा उठला. डाळ निवडताना पंख्याच्या आवाजातून मांजराची चाहूल घेणारी ही बाई. मी एकटा पडू नये म्हणून मुद्दाम चुकत होती.

डीन वळून वर बघत होते. आपल्या शेजाऱ्याला म्हणाले, त्यांचा चेहरा माझ्याकडे होता म्हणून मला कळले, "मागच्या रांगेत ऐकू जात नाहीसं दिसतं."

खाली भिंतीशी लेक उभी होती. आईकडे बघत होती. त्या दोघींपैकी कोणीच बोलणार नव्हते, छत उतरले असते तरी.

मी पाट्या बाकावर ठेवल्या आणि उभा राहिलो. "थांबा," मी म्हटले. "सभागृह शाबूत आहे. ऐकू मला येत नाही."

सगळे वळले. मग वाटले, खुलासा अपुरा राहिला, म्हणून बाईंकडे बोट दाखवले. "आणि हिला चांगलं येतं. ही खोटं बोलतेय."

पोरे हसली. बाईही हसल्या, रडत. मला मात्र बसताना बाक सापडेना.

८ फेब्रुवारी

मंडळाने छत ठेवले, काम लेकीकडेच राहिले. दुरुस्ती मी स्वतः लिहून दिली. 'गेल्या लेखातील सभागृहाविषयीची निरीक्षणे लेखकाच्या कानांना लागू समजावीत.' संपादक म्हणाले, विनोदी वाटते. मी म्हटले, छापा.

लेक आली. मी विचारले, "पहिल्या चाचणीचा निकाल का नाही सांगितलास? सगळ्यांच्या बरोबर, फक्त पहिल्या रांगेतला एक चूक. एवढं सांगितलं असतं तर लेख त्याच दिवशी आडवा झाला असता."

"काय सांगणार होते, बाबा? मंडळापुढे उभं राहून? तो पत्रकार बहिरा आहे, तो माझा बाप आहे, त्याचं लिहिलेलं धरू नका?"

"काम गेलं असतं तुझं."

"दुसरं मिळालं असतं." मग जराशाने, "तुम्हाला दुसरं काय मिळालं असतं?"

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

१२ फेब्रुवारी

यंत्रवैद्याकडे गेलो. बंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा." मी वाट बघत बसलो. काचेपलीकडे तो चाव्या फिरवत होता, म्हणजे आवाज चालू होते. माझ्यापर्यंत कोणी पोचत नव्हते.

मग त्याने आलेख दाखवला. रेघ आधी सपाट आणि मग कड्यावरून उडी टाकल्यासारखी खाली.

"कमी पट्टीचं सगळं येतंय तुम्हाला. स्वर, गडगडाट, ठोके. उंच पट्टीचं गेलंय. स, श, ह, फ. बरीच वर्षं झाली असणार."

"म्हणजे ऊष्म वर्ण."

"काय म्हणालात?"

"काही नाही. आमच्याकडे त्यांना तसं म्हणतात."

"यंत्राने बरंचसं परत येईल," तो म्हणाला. "पण पहिल्यासारखं नाही. आणि सवय करावी लागेल. घरच्यांनाही."

त्याने 'घरच्यांनाही' म्हटले तेव्हा मी विनोद शोधत होतो. सापडला नाही.

१६ फेब्रुवारी

यंत्र पुढच्या आठवड्यात. तोवर बाई मला मोठ्याने सांगतात: दूध आलंय. दिवा बंद करा. लेकीचा फोन होता. शाळेतला आवाज लावतात, वाक्ये छोटी करतात, आणि मला सगळे कळते.

काल दुपारी त्या खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर बघत काहीतरी बोलल्या, स्वतःशी बोलावे तसे. मी विचारले, "काय म्हणालीस?" त्या म्हणाल्या, "काही नाही." मी पुन्हा विचारले. "अहो, काही विशेष नाही." तिसऱ्यांदा विचारले तर त्यांनी तोंड माझ्याकडे करून, जोर लावून सांगितले, "ढग आलेत म्हटलं!" आणि दोघेही ओशाळलो. ढगांबद्दल इतक्या मोठ्याने कोणी बोलत नाही.

तेव्हापासून आठवू पाहतो आहे, की अशातशा गोष्टी ती माझ्याशी शेवटची कधी बोलली. शेजारणीचे, शाळेतल्या एखाद्या मुलाचे, पडल्यापडल्या सुचलेले, अर्धवट. मला आठवत नाही. फक्त कामाचे आठवते. 'काही नाही' मात्र पुष्कळ आठवतात. त्या प्रत्येक 'काही नाही'मागे काहीतरी होते, आणि ते तिने मागे घेतले, कारण ते ओरडून सांगण्यासारखे नव्हते.

छत वाचले, लेकीचे काम वाचले, माझे लिहिणेही थोडेफार चालेल. यंत्राने 'स' येईल, 'श' येईल. मला त्यांची काळजी नाही. हळू बोलायची तिची सवयच गेली असेल, आणि मला ऐकू येऊ लागल्यावरही ती मला फक्त दूध आल्याचे सांगत राहील, याची मला भीती वाटते.